सड्याच्या अलीकडे गाडी थांबवा

दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापुरातून पश्चिमेला जाणाऱ्या रस्त्यांवर फोर बाय फोर गाड्यांची वर्दळ सुरू होते. टपावर तंबू, मागे डिझेलचे आणि पाण्याचे कॅन, आत मुलंबाळं. कुणी गगनबावड्याकडे, कुणी दाजीपूरला, कुणी आजरा-चंदगडमार्गे तिलारीला. माणसं चार भिंतींबाहेर पडतात, उघड्यावर झोपतात, मुलांना काळोख आणि चांदण्या दाखवतात, याचा मला मनापासून आनंद आहे. तक्रार एकाच गोष्टीची आहे. डांबरी रस्ता संपतो, मग कच्चा रस्ता संपतो, मग गाडीवाटही संपते. समोर कातळाचा मोकळा सडा दिसतो आणि गाडी सरळ त्यावर चढते. ती तिथेच थांबली पाहिजे. फोर बाय फोर गाडी खराब वाटेवरून नीट पलीकडे जाण्यासाठी असते. जिथे वाट नाही तिथे गाडीही नाही, इतका साधा नियम मला हवा आहे.

हे मी लिहिते आहे ती जीप चालवणारी बाई म्हणूनच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली महिंद्रा एमएम ५४० माझ्याकडे आहे. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात नोकरीची वर्षं गेली, आणि सुट्ट्या या जीपमधून सह्याद्रीच्या माथ्यावर जाण्यात गेल्या. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, वर कॅनव्हास. पावसात डाव्या बाजूने पाणी आत येतं. ती मी विकणार नाही आणि भंगारातही देणार नाही.

या गाडीचं घराणं जाणून घेण्यासारखं आहे. 1945 साली जे. सी. आणि के. सी. महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. दुसऱ्या महायुद्धात नावाजलेल्या विलीज जीपची जुळणी याच कंपनीने मुंबईत सुरू केली. पुढे तिच्याच सांगाड्यात डिझेल इंजिन आलं. माझ्या एमएम ५४० मध्ये 2112 सीसीचं, मूळ पूजो या फ्रेंच कंपनीच्या बनावटीचं इंजिन आहे. पाटबंधारे, बांधकाम, आरोग्य, वनखातं, निवडणुकीच्या मतपेट्या अशा सगळ्या कामांना खेड्यापाड्यांत या जीपच पोचल्या. त्या जिथे गेल्या तिथे काम होतं, आणि जायला निदान बैलगाडीची चाकोरी होती. जीपची आपल्याकडची खरी परंपरा ही आहे. कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढण्याची परंपरा अलीकडची आहे.

जुनी जीप ठेवायची तर दुरुस्तीत जीव रमला पाहिजे, आणि त्याबाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. आमच्याकडे शिवाजी उद्यमनगर आहे. म्हादबा मेस्त्री या जुन्या कारागिराचं नाव आजही आदराने घेणारं हे गाव. इथे लेथवर बसलेला माणूस ‘पार्ट मिळत नाही’ या वाक्यावर थांबत नाही. तुटका तुकडा हातात घेतो, उलटासुलटा करून बघतो आणि ‘परवा या’ म्हणतो.

एक उदाहरण सांगते. जुनी जीप तेल टाकते. पुढच्या नकलमधून, ट्रान्स्फर केसच्या मागून, डिफरन्शियलच्या पिनियनपाशी, कुठून ना कुठून थेंब येतोच. ‘जीप आहे, टाकायचीच’ म्हणून बहुतेक लोक सोडून देतात. आमचे मेस्त्री सोडत नाहीत. पहिल्यांदा त्यांच्याकडे गाडी नेली तेव्हा ते म्हणाले, “बाई, पान्याच्या आधी फडकं घ्यायचं. तेल कुठनं येतंय ते बघूया, कुठं दिसतंय ते नको.” डिझेलने सगळा भाग धुतला, वाळवला, त्यावर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरली आणि गाडी एक फेरी मारून आणायला सांगितली. परत आल्यावर पावडरीवर तेलाची बारीक काळी रेघ उमटली होती आणि ती ट्रान्स्फर केसच्या मागच्या सीलपासून निघत होती. आधीच्या एका गॅरेजमध्ये हेच सील बदललं होतं, तरी गळती चालूच राहिली होती. कारण दोष सीलमध्ये नव्हताच. ज्या यॉकवर सीलचा ओठ टेकतो तिथे इतक्या वर्षांच्या फिरण्याने गोल चरा पडला होता; नखाने चाचपला की कळत होता. कितीही नवं सील घातलं तरी तेल त्या चऱ्यातून वाट काढणारच. उद्यमनगरात लेथवर यॉक थोडा तासला, त्यावर पातळ बाही दाबून बसवली, मापात आणली. सीलची किंमत किरकोळ, लेथची मजुरी त्याहून थोडी जास्त. गळती बंद झाली.

एवढ्या तपशिलात जाण्याचं कारण आहे. डोंगरातला ओढा ओलांडताना गाडीचं पोट पाण्यात बुडतं. गळकं सील तेल बाहेर सोडतं आणि पाणी आत घेतं. बाहेर गेलेलं तेल ओढ्यावर तवंग होऊन पसरतं आणि खालच्या वाडीत त्याच ओढ्याचं पाणी गुरं पितात, कधी माणसंही. आत गेलेलं पाणी डिफरन्शियलच्या तेलात मिसळतं आणि नट उघडला की ताकासारखं पांढरं तेल बाहेर येतं. मग बेअरिंगं गेलीच समजा. म्हणून ओढा ओलांडून आल्यावर तेल तपासणं आणि निघण्याआधी गळती बंद करणं ही माझ्या लेखी कॅम्पिंगची पहिली तयारी आहे. तंबू आणि खुर्च्या त्यानंतर.

नव्या गाड्यांची मंडळी मला विचारतात, जुन्या गाडीने अडकायला होत नाही का? होतं. पारगडाहून परतताना मागच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला. आधी क्लच सोडताना ‘टक’ असा आवाज, मग वेग घेतला की पायाखाली थरथर, आणि मग चढावर एक मोठा खडखडाट. चंदगड अजून लांब होतं. चाकांना दगडांची उटी लावली, खाली सतरंजी अंथरली. क्रॉसचा कप उघडला तर आतल्या सुया जवळजवळ नाहीशा झालेल्या, त्यांच्या जागी गंजाची लाल भुकटी. एका दुकानातून कंपनीचा म्हणून घेतलेला क्रॉस तो; ग्रीस आतपर्यंत पोचतच नव्हतं. मोटारसायकलवरून जाणारा एक गावकरी थांबला. “काय झालं वो आक्का?” म्हणत बॅटरी धरून बसला, काम संपेपर्यंत हलला नाही. यू-बोल्ट सोडले, मागचा शाफ्ट अख्खा काढून गोणपाटात गुंडाळला, पुढच्या चाकांची लिव्हर ओढली आणि जीप नुसत्या पुढच्या चाकांवर चंदगडपर्यंत आली. चढावर पुढची चाकं हलकी पडून जागीच फिरायची, तेव्हा पाण्याचे कॅन आणि शिध्याची पेटी मागून उचलून पुढच्या सीटवर ठेवली.

हे करता आलं कारण गाडीची रचना उघडी आहे, हात पोचतो, आणि मेस्त्रींनी ती समजावून दिली होती. या जुन्या पद्धतीच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात, दोघांची गती सारखीच राहते. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. मऊ जमिनीवर टायर थोडा घसरतो आणि हा फरक भरून निघतो. डांबरीवर टायर घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्टात आणि क्रॉसमध्ये साठत जातो. म्हणून डांबरीवर फोर बाय फोर लावू नये असं जुने ड्रायव्हर सांगतात. पण याच गोष्टीची दुसरी बाजू नीट वाचा. मऊ जमिनीवर टायर घसरतो म्हणजे गाडीचा ताण जमीन सोसते. शाफ्टाऐवजी माती तुटते. पोलादाचा क्रॉस मोडणारा जोर बोटभर मातीवर काय करत असेल, हे ज्याने मोडका क्रॉस हातात धरला आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि सड्यावर माती बोटभरच असते. खाली जांभा, वर कुठे दोन बोटं, कुठे चार बोटं माती, कुठे तीही नाही. मे महिन्यात त्याच्याकडे पाहिलं तर करपलेलं माळरान वाटतं, आणि ‘इथे काहीच नाही’ असा समज होतो. त्याच जागी जुलैत पाणी साचतं. पहिल्यांदा बारीक गवतं आणि गेंद येतात, मग सीतेच्या आसवांची जांभळीनिळी झुळूक पसरते, ओल्या कातळाच्या कडेला दवबिंदू लाल होतात. सीतेची आसवं आणि दवबिंदू दोन्ही कीटकभक्षी, कारण या मातीत पोषण इतकं कमी असतं की झाडाला किड्यांवर गुजराण करावी लागते. उथळ डबक्यांत फेअरी श्रिंपच्या जातीचे बोटाच्या पेरापेक्षा लहान, पारदर्शक जीव पोहताना दिसतात. त्यांची अंडी उन्हाळाभर त्याच वाळक्या चिखलात पडून राहतात आणि पावसाची वाट बघतात. नोव्हेंबरात किंवा मे महिन्यात ज्या कोरड्या पापुद्र्यावरून गाडी जाते, त्यात हे सगळं बियांच्या, कंदांच्या आणि अंड्यांच्या रूपात झोपलेलं असतं.

टायरची रेघ सड्यावर किती टिकते हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. माती दबते, पुढच्या पावसात पाणी त्याच चाकोरीतून पळतं, उरलेली माती घेऊन जातं आणि खालचा कातळ उघडा पडतो. दोन्ही बाजूंना गेंद फुललेला आणि मधे चाकांच्या रुंदीचे दोन उघडे पट्टे, असं चित्र अनेक ठिकाणी आहे. पट्ट्यांत पाणी साचून चिखल झाला की पुढची गाडी तो टाळायला थोडी बाजूने जाते, आणि पट्टे दोनाचे चार होतात.

माझा पुतण्या पुण्याहून नवी गाडी घेऊन आला होता. सड्याच्या तोंडाशी जीप थांबवली तसा म्हणाला, “काकू, इथे गुरं चरतात, बैलगाड्या जातात. आपल्या एका गाडीने काय होणार?” प्रश्न चांगला होता आणि त्याला उत्तर द्यायला हवंच. बैलगाडी पिढ्यानपिढ्या एकाच चाकोरीने जाते. तिची वाट ठरलेली असते आणि ती कामासाठी असते. गुरं विखरून चरतात. पावणेदोन टनांच्या आसपास वजनाची, खोल नक्षीच्या टायरांची गाडी मात्र मोकळं रान दिसलं की मनाला येईल तशी फिरते, गोल वळते, चाकं जागीच फिरवते. शिवाय ती एक कधीच नसते. एकाने टाकलेला फोटो पाहून पुढच्या शनिवारी दहा येतात. चिऱ्याच्या खाणींनी आणि पवनचक्क्यांच्या रस्त्यांनी सड्यांचं याहून कितीतरी मोठं नुकसान केलं आहे, हेही त्याला सांगितलं. ते थांबवणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, स्टिअरिंग मात्र आहे. तो चालत आला. दोन तास पालथा पडून भिंगातून दवबिंदू बघत होता.

कास पठाराला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तिथे हंगामात येणाऱ्यांची संख्या ठरलेली आहे, गाड्या लांब लावाव्या लागतात. गावकऱ्यांच्या समित्या ती व्यवस्था बघतात. पण सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात असे कितीतरी सडे आहेत ज्यांना ना दर्जा आहे ना राखणदार. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव कायद्याने. कोकणातले बरेचसे सडे मात्र खासगी किंवा सामाईक मालकीचे, त्यामुळे तिथे अडवणारं कुणी नसतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. 2022 मध्ये महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं एक ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. कशेळी, उक्षी, जांभरुण, बारसू ही त्यातली काही. हत्ती, मासे, गेंडा, माणसं, कुणालाच अजून नीट न उलगडलेल्या आकृत्या. बऱ्याचशा इतक्या उथळ कोरलेल्या आहेत की चालत जाणाऱ्यालाही तिरप्या उन्हाशिवाय दिसत नाहीत, मग काचेआडून दिसण्याचा प्रश्नच नाही. समुद्रकिनाऱ्यांचंही तसंच. वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी भरतीच्या रेषेच्या वर, वाळूत झाकलेली असतात. वरून जाणाऱ्या गाडीला ती जाणवतही नाहीत.

मग चिखल, दगड, खोल चर यांतून गाडी काढण्याची हौस भागवायची कुठे? हौसेत वाईट काही नाही, मलाही ती आहे. इगतपुरीला महिंद्राने ऑफ-रोडिंग शिकवण्यासाठी खास मैदान केलं आहे. अशी आखलेली मैदानं, मालकाच्या संमतीने दिलेली पडीक जमीन, बंद पडलेल्या खाणी, या जागा त्यासाठी योग्य. माझ्यासारख्यांना तर आपल्या घाटवाटांखालचे कच्चे रस्ते, पावसाने उखडलेल्या वाड्यांच्या वाटा, धनगरवाड्यापर्यंतचे खडकाळ चढ पुरे असतात. त्यातच लो गिअर लावावा लागतो, त्यातच कौशल्य लागतं.

मुक्कामासाठी भात कापलेलं खाचर सगळ्यात उत्तम. जमीन सपाट असते, नांगरटीची असल्यामुळे तंबूच्या खुंट्यांनी तिचं काही बिघडत नाही, आणि तिला मालक असतो, ज्याला विचारता येतं. विचारलं की ‘नको’ क्वचितच ऐकू येतं. चंदगडकडे एका आजींनी मला उलट रागे भरलं होतं: “हितं गारठ्यात कशाला? देवळात निजा की. सकाळी पाण्याला आमच्या हिरीवर या.” स्टोव्ह बरोबर न्यावा, जळण तोडू नये, दिवाळीनंतर गवत वाळलेलं असतं आणि वणव्याला एक ठिणगी पुरते. शौचासाठी ओढ्यापासून लांब वीतभर खड्डा करावा आणि बुजवावा. भाकरी, खर्डा, दही एवढं घरून नेलं तर कचराही होत नाही. देवराईत मुक्काम करू नये, गावाने परवानगी दिली तरी नाही.

जुन्या गाड्यांबाबत सरकारकडे माझी एक मागणी आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, मग दर 5 वर्षांनी नवी करावी लागते. एप्रिल 2022 मध्ये त्याचं शुल्क 600 रुपयांवरून 5000 झालं होतं. पर्यावरण कर वेगळा. पैसे घ्या, पण तपासणी खरी करा. धूर मोजा, ब्रेक लावून बघा, गाडीखाली वाकून तेलाचे थेंब बघा. जुनं डिझेल इंजिन धूर जास्त सोडतं, हे मी नाकारत नाही; म्हणूनच शहरातल्या रोजच्या कामाला मी जीप काढत नाही. पण गाडीचं वय बघून तिला भंगाराकडे ढकलू नका, तिची अवस्था बघा. 50 वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना केंद्राच्या नियमांनी 2021 पासून ‘व्हिंटेज’ म्हणून मान दिला आहे. तिथवर पोचण्याआधी गाडीला मधली पस्तीस वर्षं कुणीतरी सांभाळावी लागते, आणि ती सांभाळतात उद्यमनगरातले लेथवाले आणि आमच्या मेस्त्रींसारखी माणसं. जुन्या गाड्यांबरोबर त्यांचं कामही भंगारात जाईल, आणि ते पुन्हा उभं करता येणार नाही. आयटीआयमध्ये मुलांना संगणकाला जोडून दोष वाचायला शिकवतात, ते हवंच. त्याबरोबर पांढऱ्या पावडरीवरची काळी रेघ वाचायलाही शिकवावं.

दुसरी विनंती ज्यांच्या हद्दीत सडा आहे त्या ग्रामपंचायतींना. येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. सड्याच्या तोंडाशी मोठ्या दगडांची रांग लावा, तिच्या अलीकडे पडीक रानात गाड्या लावायची जागा करा, आणि तिथे गाडी लावण्याचे पैसे घ्या. ते गावाला मिळू देत. आणि ज्या गावात असा ठराव झालेला नाही तिथे, गाडीवाल्या माझ्या भावाबहिणींनो, दगडांची रांग नसली तरी गाडी तिथेच बंद करा आणि पुढे पायी जा.